सुटीनंतरचा पहिला आठवडा

(अभ्यासपाठ : घरीं वाचून गांवच्या बैठकींत चर्चा करण्यासाठीं)

भाऊबीज उलटली कीं वणीच्या पेठेंतील दिव्यांच्या माळा उतरूं लागतात, माहेरीं आलेल्या लेकी सासरच्या वाटेस लागतात, आणि ज्यानें त्यानें आपल्या मनांत एक हिशेब मांडलेला असतो : आठ दिवस काम बंद होतें, तेव्हां आतां दोन दिवसांत तें सारें भरून काढलें पाहिजे. हा हिशेब ऐकावयास शहाणपणाचा वाटतो. तो खरा आहे काय, आणि खोटा असल्यास त्याची किंमत कोणास द्यावी लागते, हें या पाठांत आपणांस पाहावयाचें आहे.

१. वणीच्या परिसरांतील सुटी

वणी हें नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यांतील बाजाराचें मोठें गांव. सप्तशृंगगडाच्या वाटेवर असल्यामुळें येथील कामाचे व सुटीचे दिवस इतर गांवांहून थोडे निराळे पडतात. आश्विन शुद्ध प्रतिपदेस गडावर नवरात्राची यात्रा सुरू होते, आणि कोजागिरी पौर्णिमेस दूरदूरच्या नद्यांचें पाणी घेऊन कावडीवाले येतात. इतर गांवीं जे दिवस सणाचे, तेच वणीच्या दुकानदारास, खानावळवाल्यास व गाडीवाल्यास कष्टाचे असतात. कोजागिरीनंतर पंधरा दिवसांनीं दिवाळी येते, आणि तेव्हां मात्र पुष्कळसे व्यवहार थांबतात. शाळांना सुटी लागते. बाजार समित्यांचे लिलाव कांहीं दिवस बंद राहतात. व्यापारी जुन्या वह्या मिटवून नव्या वह्यांची पूजा करतात. द्राक्षबागांत राबणारे सुरगाणा, पेठ व कळवण तालुक्यांतील मजूर आपापल्या पाड्यांवर सणासाठीं जातात.

पण याच सुमारास बागेंत काय चाललेलें असतें तें पाहा. या भागांत द्राक्षवेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत फळासाठीं दुसरी छाटणी होते. फळछाटणीनंतर सामान्यतः दहा-बारा दिवसांत काडीवरचे डोळे फुटूं लागतात. मग नको असलेली फूट काढणें, केवड्यापासून पानें व घड वांचविण्यासाठीं फवारे मारणें, घडांची विरळणी करणें, अशीं कामें एकामागून एक येतात; आणि छाटणीपासून सुमारें चार महिन्यांनीं माल तोडणीस येतो. दिवाळी कधीं ऑक्टोबरांत येते, कधीं नोव्हेंबरांत. परंतु बहुतेक वर्षीं ती याच कामांच्या ऐन गर्दींत सांपडते. माणसास पंचांग कळतें. वेलीस कळत नाहीं. आपण सण करीत असतां ती आपल्या वेळेप्रमाणें फुटतच राहते.

म्हणून सुटी संपवून परत येणाऱ्यास शेतांत दोन प्रकारचीं कामें भेटतात. कांहीं कामें आपण सोडून गेलों तेथेंच आपली वाट पाहत उभीं असतात. कांहीं कामें मात्र आपल्यामागें पुढें निघून गेलेलीं असतात. या दोहोंतील भेद न ओळखतां जो सर्वांवर एकदम हात घालतो, त्याचें पहिल्या प्रकारचें काम घाईनें बिघडतें व दुसऱ्या प्रकारचें उशिरानें बिघडतें.

२. सर्वांनीं एकदम विसांवा घेण्याचें मोल

येथें कोणी म्हणेल, "सर्वांनीं एकाच वेळीं काम बंद ठेवावें व एकाच दिवशीं सुरू करावें, म्हणूनच हा गोंधळ होतो. ज्यास जेव्हां सवड असेल तेव्हां त्यानें विसांवा घ्यावा, म्हणजे झालें." हें म्हणणें विचार करण्यासारखें आहे, म्हणून विसाव्याचा दिवस कामकरी माणसास कसा मिळाला, तें थोडक्यांत पाहूं.

एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या कापड-गिरण्यांतील कामगार पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबत, आणि आठवड्यांतील अमुक एक दिवस सुटीचा असा नियम त्यांच्यासाठीं नव्हता. जोतीराव फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या वतीनें अर्ज सादर केला. त्याच सालीं 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही संस्था उभी राहिली. पुढें सहा वर्षें हा प्रयत्न चालला. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईंत सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८९१ सालीं, कारखान्यांच्या कायद्यांतहि आठवड्याच्या सुटीस जागा मिळाली.

या हकीकतींतील एक गोष्ट आपल्या पाठास फार उपयोगी आहे. १८८४ च्या अर्जांत केवळ सुटी मागितलेली नव्हती. दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति मिळावी, रोजच्या कामास आरंभ व शेवट असावा, पगार ठरल्या वेळीं व्हावा, आणि कामावर जखमी झालेल्यास मदत मिळावी, अशाहि मागण्या त्यांत होत्या. लोखंडे व त्यांचे सोबती यांस हें पक्कें ठाऊक होतें कीं, कामाच्या दिवसास जर माप नसेल तर सुटीच्या दिवसास अर्थ राहत नाहीं. रविवारीं दिलेला विसांवा सोमवारीं दुप्पट काम घेऊन वसूल केला, तर कामगारास काय मिळालें? त्यास सुटी मिळाली असें म्हणतां येणार नाहीं. त्याचें काम एका दिवसावरून दुसऱ्या दिवसावर ढकललें, एवढेंच.

स्वतंत्र हिंदुस्थानांतील १९४८ च्या कारखाने कायद्यानेंहि हा धोका ओळखला होता. रविवारच्या बदलीं दुसरा दिवस सुटीचा ठरविण्याची मोकळीक त्यानें दिली. परंतु पूर्ण दिवसाची सुटी मध्यें न देतां दहा दिवसांहून अधिक दिवस सलग काम घेऊं नये, असें बंधनहि घातलें. शेतावरच्या मजुरास मात्र त्या कायद्याचें छत्र नव्हतें. त्याच्या कामाचें माप बहुधा मालकाच्या विवेकावरच अवलंबून राहिलें.

आतां उलट प्रयोग पाहूं. १९२९ सालीं सोव्हिएत रशियानें कारखाने एक दिवसहि बंद राहूं नयेत म्हणून सात दिवसांचा आठवडा मोडून पांच दिवसांचा केला. कामगारांचे पांच गट पाडले, आणि प्रत्येक गटास निराळ्या दिवशीं सुटी दिली. पांच दिवसांत एक दिवस विसांवा, म्हणजे मोजणीनें पूर्वींपेक्षां सुटी अधिकच झाली. पण नवऱ्याची सुटी एका दिवशीं, बायकोची दुसऱ्या दिवशीं, आणि शेजाऱ्याची तिसऱ्याच दिवशीं, असें होऊं लागलें. घरची माणसें एकत्र बसण्यास मुकलीं. १९३१ सालीं ती पद्धत बहुतेक ठिकाणीं सोडून सहा दिवसांचा आठवडा केला, आणि १९४० सालीं पुन्हां सात दिवसांचा आठवडा व रविवारची सुटी आली.

तेव्हां सर्वांनीं मिळून घेतलेला विसांवा मोलाचा आहे. भाऊबीजेस बहीण व भाऊ दोघांनाहि सवड असली, तरच भाऊबीज होते. परंतु सर्वांची सुटी एकदम संपते, म्हणून पहिल्या दिवशीं गर्दी होते. ही त्या मोलाची किंमत आहे. ती टाळतां येत नाहीं, पण शहाणपणानें वांटून घेतां येते.

३. पहिल्या दिवसाची गर्दी

वणीस दिंडोरी बाजार समितीचा उपबाजार आहे. दिवाळीनंतर लिलाव सुरू होण्याची तारीख कळली कीं, कांदा घरांत असलेला प्रत्येक जण त्याच दिवशीं गाडी भरून नेण्याचा विचार करतो. वणीस असो, पिंपळगांव बसवंतास असो किंवा लासलगांवास असो, हाच प्रकार दिसतो. पैशाची नड असते, कारण सणांत खर्च झालेला असतो. पण ज्या दिवशीं सर्वांचा माल येतो त्या दिवशीं गाड्यांच्या रांगा लागतात, घेणारा निवडून घेतो, आणि भाव खालीं येण्याचा संभव वाढतो.

येथें विचार असा करावा. टोमॅटो पिकला कीं तो थांबत नाहीं. त्यास पहिल्या दिवशीं नेणें भागच आहे. भाजीपाल्याचें तेंच. पण चाळींत कोरडा राहिलेला, मोड न आलेला उन्हाळ कांदा आणखी चार दिवस थांबूं शकतो. तो सडूं लागला आहे कीं नाहीं हें चाळींत हात घालून पाहिल्याखेरीज कळत नाहीं. म्हणून पहिल्या दिवसाचें खरें काम कांदा नेणें हें नसून कांदा पाहणें हें आहे. जो पाहून ठरवितो तो बाजारास जातो. जो शेजाऱ्याची गाडी निघालेली पाहून धांवतो, त्यास बाजार ओढून नेतो.

हीच गोष्ट कचेरीची, सोसायटीची व बँकेची. सुटीनंतरच्या पहिल्या सकाळीं तेथें दाराबाहेर माणसें उभीं असतात. ज्या कामास मुदत आहे तें त्या दिवशीं करावें. ज्यास मुदत नाहीं तें तीन दिवसांनीं केल्यास आपलाहि वेळ वांचतो, आणि ज्याची मुदत खरोखरच संपत आली आहे अशा दुसऱ्या कोणाची वाटहि मोकळी होते.

४. घाईची किंमत कोण देतो?

घाई करणारा मनुष्य समजतो कीं तिचा भार मी सोसतों. पुष्कळदां तसें नसतें. बागाइतदार म्हणतो, "आठ दिवसांचें काम तुंबलें आहे." तो टोळीच्या मुकादमास निरोप धाडतो, आणि पहाटे पाड्यावरून पिकअप गाडींत दाटीनें उभीं राहिलेलीं माणसें घाट उतरून बागेंत येतात. कित्येकांनीं सणापूर्वीं उचल घेतलेली असते. ती अंगावर असल्यामुळें, काम अधिक घेतलें तरी नाहीं म्हणण्याची सोय त्यांस नसते. मालकाची घाई मुकादमाच्या आवाजांत उतरते, मुकादमाची घाई गाडीवाल्याच्या वेगांत उतरते, आणि शेवटीं ती ज्या बाईच्या पाठीवर मूल बांधलेलें आहे तिच्या हातापायांत उतरते. तिच्याखालीं आणखी कोणी नसतें; म्हणून ती गप्प राहते.

शरीराचीहि गोष्ट आहे. सोळा लिटरचा फवारणीचा पंप भरला म्हणजे पाण्याचेंच ओझें सोळा किलो होतें. पंपाचें वजन निराळें. आठ दिवस ज्या खांद्यानें तें वाहिलें नाहीं, त्यानें पहिल्याच दिवशीं पूर्वींइतकें वाहावें ही अपेक्षा वाजवी नाहीं. कोयत्यास व कात्रीस सरावलेला हातहि आठ दिवसांत मऊ पडतो. सुटींत जागरणें झालेलीं असतात, जेवणाच्या वेळा बदललेल्या असतात. अशा वेळीं डोळ्यावर झांपड असलेल्या माणसाच्या हातीं कात्री, औषध किंवा गाडीचें चाक देणें, म्हणजे अपघातास हांक मारणें होय.

यांत एक धोका असा आहे कीं, तो प्रत्येक द्राक्षाच्या गांवानें जाणून घ्यावा. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावे म्हणून काडीस हायड्रोजन सायनामाइड हें द्रव्य लावतात. मजूर त्यास नुसतें 'पेस्ट' म्हणतात. तें कातडीस व डोळ्यांस अपाय करतें हें बहुतेकांस ठाऊक असतें. पण दारू पोटांत गेल्यावर तिचें शरीरांत जें पचन होतें, त्यांतील एक पायरीहि तें द्रव्य अडवितें. आणि त्यामुळें दारूपासून उत्पन्न होणारा एक विषारी पदार्थ अंगांत सांचतो. मग चेहरा लालबुंद होणें, छाती धडधडणें, ओकाऱ्या होणें, श्वास लागणें, रक्तदाब उतरणें, असे प्रकार होतात, व प्रसंगीं जिवावर बेततें. म्हणून हें काम करण्याच्या आधीं व नंतरहि कांहीं दिवस दारूस शिवूं नये, असा इशारा दिलेला असतो. सणांत ज्यानें दारू घेतली असेल त्यास दुसऱ्या दिवशीं सकाळीं घाईघाईनें पेस्टेच्या कामावर लावणें किती धोक्याचें आहे, हें यावरून समजेल. मालकानें प्रथम विचारावें, मजुरानें भीड न धरतां खरें सांगावें, आणि तसें असेल तर त्यास त्या कामावरून काढून दुसरें काम द्यावें. पण त्याची मजुरी बुडवूं नये. मजुरी बुडेल अशी भीति असली म्हणजे कोणीहि खरें सांगत नाहीं. हातमोजे व डोळ्यांस चष्मा हे तर सर्वांसच हवेत.

५. सुटी कोणाची झाली?

कामास लागण्यापूर्वीं आणखी एक प्रश्न विचारावा : आपल्या घरांत सुटी नक्की कोणाची झाली? फराळ कोणी केला, पाहुण्यांचीं ताटें कोणी वाढलीं, अंथरुणें कोणी घातलीं व काढलीं? ज्या बाईस सणांत रोजच्या दुप्पट काम पडलें, तिच्या दृष्टीनें सुटी संपलेली नाहीं, कारण ती सुरूच झाली नव्हती. भाऊबीजेस माहेरीं घालविलेले दोन दिवस हाच तिचा विसांवा. आणि तोहि, "घरीं कामें पडलीं आहेत," असा निरोप पाठवून अर्ध्यावर तोडला जातो. सुटीनंतरच्या आठवड्यांत घरांतील कामाची पहिली वांटणी करावयाची ती येथें. पुरुषांनीं व मोठ्या मुलांनीं पाणी भरणें, भांडीं घासणें, जनावरांचें पाहणें यांतील कांहीं कामें आठ दिवस तरी आपल्याकडे घ्यावीं.

मजुराच्या सणाचेंहि तसेंच आहे. सुरगाणा व पेठ भागांतील आदिवासी लोकांचा मोठा सण होळीचा. त्या वेळीं वणी-दिंडोरीच्या बागांत तोडणी जोरांत असते, आणि मजूर पाड्यावर गेले कीं बागाइतदार कुरकुर करतो. आपली दिवाळी सुटी होय आणि त्याची होळी ही खोटी सबब होय, असें मानणें न्यायाचें नाहीं. होळी केव्हां आहे हें वर्षाच्या आरंभींच छापलेलें असतें. तोडणीची आंखणी करतांना ते दिवस वगळून ठेवावे, म्हणजे रुसवा राहत नाहीं व सणानंतर मजूरहि आनंदानें परत येतो.

विसाव्यासंबंधीं जी आज्ञा पवित्र शास्त्रांतील दहा आज्ञांमध्यें आहे, तिच्यांतहि घरच्या धन्याबरोबर त्याचा दास, दासी, बैल, गाढव व वेशींत राहणारा परका, या सर्वांची गणना केली आहे. आणि त्याच आज्ञेंत सहा दिवस कामाचे म्हणूनहि सांगितले आहेत. काम व विसांवा हीं तेथें एकाच वाक्याचीं दोन अंगें आहेत. एकानें विसांवा घ्यावा व दुसऱ्यानें त्याचें काम उपसावें, अशी वांटणी तींत नाहीं.

६. मुलें व शाळा

सुटीनंतर सर्वांत नाजूक परत येणें मुलांचें. डोंगराकडील पाड्यांवरचीं पुष्कळ मुलें आश्रमशाळांत राहून शिकतात. दिवाळीस तीं घरीं जातात, आईजवळ निजतात, नदींत डुंबतात. आणि शाळा उघडण्याचा दिवस आला कीं तीं कोपऱ्यांत तोंड लपवून बसतात. त्याच वेळीं आईबापहि बागेच्या, ऊंसतोडीच्या किंवा वीटभट्टीच्या कामासाठीं घर सोडण्याच्या तयारींत असतात. मुलास मागें ठेवावें तर पाहावयास कोणी नाहीं. म्हणून तें बरोबर निघतें. धाकट्यास सांभाळण्यासाठीं मोठी मुलगी हवीच असते. शाळेचा पहिला दिवस चुकतो, मग आठवडा चुकतो, आणि पुढें तें मूल शाळेच्या पटावर असतें पण शाळेंत नसतें.

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि तो १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. परंतु हक्क कागदावर असतो, आणि मूल पिकअप गाडींत असतें. त्या दोहोंची भेट घालून देणें हें गांवचें काम आहे. सुटी संपण्यापूर्वीं दोन दिवस पालकांकडे जाऊन विचारावें : मूल केव्हां परत जाणार, कोणाबरोबर जाणार, आणि भाड्याची सोय आहे काय? आजी किंवा मामा घरीं असल्यास मूल त्यांच्याजवळ राहूं शकेल काय? कामासाठीं बाहेर जाणाऱ्यांच्या मुलांकरितां शाळेनें हंगामी वसतिगृहाची सोय केली आहे काय, हें मुख्याध्यापकांस विचारावें. बागाइतदारानें टोळी बोलावतांना, "शाळेच्या वयाचीं मुलें मागें ठेवून या," एवढेंच सांगून भागणार नाहीं; बरोबर आलेलें मूल जवळच्या शाळेंत बसेल हें त्यानें पाहावें.

शिक्षकांसहि एक विनंति आहे. पहिल्याच दिवशीं परीक्षा घेऊं नये व राहिलेल्या गृहपाठाबद्दल रागें भरूं नये. पहिले दोन दिवस मागील धडे उजळावे, मुलांस सुटींत काय पाहिलें तें सांगूं द्यावें. आईबापांनींहि, "थांब, आतां शाळेंत गेलास म्हणजे गुरुजी तुला पाहतील," अशी धमकी देऊं नये. ज्या घराची भीति घातली जाते त्या घरीं कोणी आनंदानें परत जात नाहीं.

७. कामास लागण्याचा क्रम

आतां आरंभीं सांगितलेल्या हिशेबाकडे वळूं. आठ दिवस, दररोज आठ तास, म्हणजे चौसष्ट तासांचें काम तुंबलें, असें घाईचा मनुष्य म्हणतो. ही मोजणी चुकीची आहे. सुटी संपण्याच्या आदल्या संध्याकाळीं एक कागद घ्यावा व त्याचे तीन भाग करावे.

पहिल्या भागांत, आज न केल्यास जें नासेल तें लिहावें : बागेंतील केवड्याची पाहणी, पिकलेला टोमॅटो, आजारी गाय, मुलाचें शाळेंत जाणें. दुसऱ्या भागांत, आपण न केल्यास ज्यामुळें दुसऱ्याचें अडेल तें लिहावें : मजुराची राहिलेली मजुरी, शेजाऱ्याकडून आणलेलें अवजार, सोसायटीच्या कागदावरची सही. तिसऱ्या भागांत, जें थांबूं शकतें तें लिहावें : गोठ्याची डागडुजी, चाळींतील चांगला कांदा, बांधावरचें गवत. असें लिहूं लागलें म्हणजे दिसून येईल कीं, कांहीं कामें सुटींतच आपोआप निकालांत निघालीं आहेत, आणि कांहीं करण्याची गरजच उरलेली नाहीं. समजा, चौसष्टांपैकीं चोवीस तासांचेंच काम खरोखर भरून काढावयाचें राहिलें. रोजच्या कामाशिवाय दोन तास त्यास दिले तर तें बारा दिवसांत संपतें. आणि कोणाचीहि पाठ मोडत नाहीं.

पहिल्या दिवशीं पहिल्या भागांतील कामेंच घ्यावीं, आणि दिवस नेहमींच्या वेळीं संपवावा. काम उरलें तरी संपवावा. पहिल्या दिवशीं रात्रीपर्यंत राबलेला मनुष्य तिसऱ्या दिवशीं अंथरूण धरतो, हा पुष्कळांचा अनुभव आहे. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या भागाकडे वळावें, आणि त्यांतहि मजुरी प्रथम द्यावी. कारण सण मजुराच्या घरींहि झालेला असतो. उचलीचा हिशेब त्याच आठवड्यांत लिहून काढावा, तो मजुरास वाचून दाखवावा, व किती फिटली व किती राहिली हें त्याच्या तोंडून वदवून घ्यावें. वाचतां न येणाऱ्या माणसाचा हिशेब केवळ वहींत असूं नये. तो त्याच्या कानांवरहि पडलेला असावा. सणांत स्वतः केलेला खर्चहि त्याच कागदावर मांडावा. खर्च ठाऊक नसला म्हणजे मनुष्य भीतीनें काम करतो, आणि भीतीनें केलेलें काम नेहमीं अधिक घाईचें असतें.

शेवटीं त्याच कागदाच्या खालीं पुढील विसाव्याचा दिवस लिहून ठेवावा : येता रविवार, किंवा ज्याच्या धंद्यास रविवार मोकळा नाहीं त्याचा दुसरा कोणता तरी वार. वणीच्या दुकानदारानें यात्रेच्या महिन्यांत हा दिवस नंतरचा धरावा. पण तो धरावाच, आणि दुकानांतील पोऱ्यासहि तो द्यावा. पुढचा विसांवा कोठें आहे हें ज्यास ठाऊक असतें, त्याचें पाऊल सरळ पडतें. ज्यास तो दिसत नाहीं, तो पहिल्याच दिवशीं धांवूं लागतो व आपल्यामागून येणाऱ्यांसहि धांवावयास लावतो.

चर्चेसाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांत दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत सर्वांत अधिक भार कोणावर पडतो? त्यांतील कोणता भार दोन आठवड्यांवर पसरतां येईल?

२. १८८४ च्या अर्जांत सुटीबरोबर कामाच्या वेळेची व पगाराचीहि मागणी कां होती? शेतमजुराच्या बाबतींत त्यांतील कोणती मागणी अद्याप अपुरी आहे?

३. आपल्या वस्तींतील कोणतें मूल सुटीनंतर शाळेंत परतलें नाहीं? त्याच्या घरीं या आठवड्यांत कोण जाईल?

४. बागेंत पेस्ट लावण्याच्या कामाचा धोका मजुरांस त्यांच्या बोलींत कोण समजावून सांगेल, आणि केव्हां?

५. घरींच करावयाचें : तीन भागांचा कागद तयार करा, आणि तो घरांतील बाईस प्रथम दाखवा. तिनें त्यांत काय घातलें व काय खोडलें, याचा विचार करा.